पिकअपचा 'हौदा' चालेल का? आणि पाणी गळतं की झिरपतं?

सिएटलकर:
आमच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय, पिकअपच्या मागच्या भागावर फायबरग्लासचा टप बसवतात त्यातनं पाणी आत येतं ते कसं थांबवायचं. इथे ऑक्टोबरपासून पावसाची पिरपिर सुरू होते, कॅम्पिंगच्या गाद्या भिजतात. मी लिहिलं, "टप आणि हौद्याची कड यांच्यामधला फोम दबला की पाणी झिरपतं". संपादक म्हणतात हौदा हत्तीवर असतो, आणि झिरपतं नको, गळतं लिहा. तुम्ही काय म्हणाल?

नगरी:
ताई हौदाच लिहा. आमच्याकडे ट्रकचा हौदा, टेम्पोचा हौदा असंच म्हणतात, पेपरात पण तेच येतं. टपसुद्धा बरोबर, एसटीच्या टपावर सामान टाकायचो की.

शब्दवेडा:
हत्तीवरचा हौदा म्हणजे अरबी हौदज, उंटावरची बसायची जागा. पाण्याचा हौद हा अरबी हौज, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण ट्रकचा हौदा मला पाण्याच्या हौदावरनंच आल्यासारखा वाटतो, चारी बाजूंनी भिंती आणि वर उघडा.

मराठीप्रेमी:
दोन्ही परकेच ना मग? 'मालकक्ष' लिहा, 'आच्छादन' लिहा. आपण वापरलेच नाहीत तर हे शब्द रुळणार कसे?

गॅरेजवाला:
मालकक्षाला रबर लावून द्या असं कुठल्या मिस्त्रीला सांगणार? कामाचं बोलतो. पाणी कुठनं येतं त्यावर शब्द ठरतो. मागच्या ब्रेकलाइटचं पॅकिंग गेलं की तिथनं थेंब थेंब पडतं, ते गळणं. कडेला साधा स्पंजसारखा फोम लावला असेल तर तो पाणी पिऊन आत सोडतो, ते झिरपणं, तिथे पाणी न पिणारी रबराची पट्टीच पाहिजे. शोधायचं तर एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, पण खालनं सुरू करून हळूहळू वर, वरनं सुरू केलं तर सगळीकडेच ओघळ येतात आणि काही कळत नाही. सिलिकॉन फासू नका, त्याचा थर राहिला की त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही, ब्यूटाइलची टेप बरी. आणि सरकत्या खिडकीच्या चौकटीला खाली बारीक भोकं असतात ती बुजवू नका, खाचेत साठलेलं पाणी तिथनंच बाहेर जातं.

नगरी:
झिरपणं जमिनीत हो, म्हणून तर पाझर तलाव.

शब्दवेडा:
तो पाझरतो, झिरपत नाही! पाझर आतनं फुटतो. आईला पान्हा फुटतो तसा.

सिएटलकर:
झिरपतं ठेवते मग. पण त्या खिडकीच्या भोकांना काय म्हणू?

कोकणी:
पन्हळ म्हणा की, आमच्याकडे कौलांचं पाणी पन्हळीतनंच जातं.

मराठीप्रेमी:
पन्हळ लांब असते, भोक नव्हे.

नगरी:
पन्हाळगडाचं नाव यावरनंच का?

शब्दवेडा:
नाही, ते पन्नगालय, म्हणजे नागांचं घर, असं सांगतात.

कोकणी:
ते मागाहून संस्कृत करून घेतलेलं वाटतं. पन्हाळा आधीचा असणार.