दत्तक मुलाच्या चेहऱ्याचे त्रिमितीय स्कॅनिंग करून घ्यावे का?

जाई_लीड्स:
आमचा दत्तक मुलगा सात वर्षांचा असून त्याला एकाग्र होणे, हिशेब करणे आणि सांगितलेले लक्षात ठेवणे फार जड जाते. जन्मदात्या आईने गरोदरपणी मद्य घेतले असावे, अशी शंका कागदपत्रांत आहे. ठोस नोंद कुठेच नाही. गर्भात मद्याचा संपर्क आल्याने होणाऱ्या विकाराचे (एफएएसडी) चेहऱ्याच्या त्रिमितीय स्कॅनवरून निदान होते असे वाचले, तर त्यासाठी खटपट करावी का? त्याचे जन्मदाते दक्षिण आशियाई वंशाचे आहेत.

डॉ_बालविकास:
तुमच्या बाबतीत चेहऱ्याला महत्त्व आहे, हे खरे. स्कॉटलंडच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना इंग्लंडमध्येही आधारभूत मानतात. त्यांनुसार डोळ्यांची आखूड फट, नाकाखालची सपाट खाच व पातळ वरचा ओठ ही तिन्ही लक्षणे असतील आणि मेंदूच्या कार्याच्या दहापैकी किमान तीन क्षेत्रांत गंभीर कमतरता आढळली, तर मद्यसेवनाच्या पुराव्याविनाही निदान करता येते. एरवी पुरावा लागतोच, आणि बहुसंख्य बाधित मुलांत ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत नाहीत.

स्कॅनमध्ये क्ष-किरण नसतात. अनेक कोनांतून एकाच क्षणी टिपलेल्या छायाचित्रांतून चेहऱ्याचा पृष्ठभाग उभा करून त्याची समवयस्क मुलांच्या सरासरी ठेवणीशी तुलना करतात. मायकेल सटी व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, दक्षिण आफ्रिकेतील ज्या मद्यबाधित मुलांचे चेहरे वरकरणी साधारण होते, त्यांतील काहींमध्येही या विकाराची पुसट छाप आढळली. संशोधन म्हणून हे मला मोलाचे वाटते, परंतु अशी पुसट छाप निदानाच्या निकषांत बसत नाही. शिवाय तुलनेसाठी त्याच वंशाच्या मुलांची मापे नसतील, तर निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

म्हणून स्कॅनसाठी थांबू नका. जीपींकडून (तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून) बालविकासतज्ज्ञांकडे पाठवणी मागा. अनुभवी डॉक्टर पट्टीने डोळ्यांची फट मोजतात आणि ओठ व खाच पाच चित्रांच्या तक्त्याशी ताडून पाहतात. काही जनुकीय विकारांतही चेहरा असाच दिसतो, तेव्हा ती तपासणीही विचारा.

कृतिका:
पुरावा म्हणजे आईची कबुलीच हवी असे नाही. प्रसूतिपूर्व तपासणीच्या नोंदी, व्यसनमुक्ती उपचारांची कागदपत्रे किंवा तिला त्या काळात मद्य घेताना पाहिलेल्या विश्वासार्ह व्यक्तीचे निवेदनही ग्राह्य धरतात. दत्तक संस्थेच्या वैद्यकीय सल्लागारांकडे लेखी विचारणा करा.