सी मधील स्ट्रिंग लिटरलमुळे येणारी त्रुटी : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या सी प्रोग्राममध्ये लांब सूचना अवतरणचिन्हांच्या एकाच जोडीत तीन ओळींवर लिहिल्यामुळे शेवटचे अवतरणचिन्ह सापडत नसल्याची त्रुटी येत होती. प्रत्येक ओळ स्वतंत्र अवतरणचिन्हांत ठेवल्यावर ती गेली, कारण लागोपाठची स्ट्रिंग लिटरल (कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर) कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, स्वतःच जोडतो.

खरी अडचण विंडोजमधील फाइलच्या मार्गाची आहे. ‘युजर्स’ या फोल्डरच्या नावातील मोठे यू (U) अक्षर बॅकस्लॅशला (\) लागून आल्याने कंपायलर ते युनिकोड चिन्हाची सुरुवात समजतो आणि पुढे ८ षोडशमान अंक (० ते ९ आणि A ते F) न मिळाल्यामुळे थांबतो. हाताने लिहिलेल्या मार्गात बॅकस्लॅश दुहेरी करता येतो, परंतु हा मार्ग बिल्डच्या (प्रोग्राम तयार करण्याच्या) वेळी मॅक्रोतून, म्हणजे कोडमध्ये आपोआप भरल्या जाणाऱ्या नावाच्या जागी, येत असल्याने तेथे तो उपाय चालत नाही. अशा वेळी मार्गात सर्वत्र फॉरवर्ड स्लॅश वापरणे सुरक्षित ठरेल का, की मार्ग प्रोग्राम चालू झाल्यावर फाइलमधून वाचावा? अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.