अ‍ॅल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगसाठी (टंगस्टन इलेक्ट्रोड व निष्क्रिय वायू वापरून केलेल्या वेल्डिंगसाठी) मदत हवी आहे

नमस्कार. जुन्या जीपची मी घरीच नव्याने बांधणी करत असून, तिच्यासाठी 5052 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या 3 मिमी पत्र्याची पेट्रोलची टाकी स्वतःच्या हाताने तयार करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. लोखंडाचे वेल्डिंग मला चांगले जमते. अ‍ॅल्युमिनियम मात्र लालसर न होताच एकाएकी वितळून गळून पडते. वरचा ऑक्साइडचा थर 2,000 अंश सेल्सिअसच्याही वर टिकतो, तर शुद्ध धातू 660 अंशांना आणि मिश्रधातू त्याच्याही आधी वितळतो, म्हणूनच तो थर फोडण्यासाठी एसी (दिशा सतत बदलणारा) प्रवाह वापरावा लागतो, एवढे समजले आहे. पत्रा अ‍ॅसिटोनने पुसून, स्टेनलेस स्टीलच्या वेगळ्या ब्रशने घासून आणि शुद्ध आर्गॉन वापरूनही सांध्यांत, विशेषतः कोपऱ्यांवर, बारीक छिद्रे राहतात. सध्याच्या पावसाळी हवेत फिलर रॉडवर (सांध्यात वितळवून भरायच्या सळईवर) ओल धरत असेल का? या पत्र्यासाठी रॉड 5356 या मिश्रधातूची घ्यावी की 4043 ची? टाकी तयार झाल्यावर गळती तपासताना आत किती दाबाची हवा भरणे सुरक्षित ठरेल? कोल्हापूर किंवा सांगली परिसरात हे काम शेजारी उभे राहून शिकू देणारे कोणी कारागीर असल्यास कृपया कळवावे; शिकण्यासाठी लागेल तेवढा वेळ देण्याची माझी तयारी आहे.