मुंबईच्या ४२ रणजी करंडकांचं खान्देशाला काय?

तापीकाठचा (भुसावळ)
मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वा रणजी करंडक घेतला. तेव्हापासून आमच्या यावलच्या एका मित्राच्या स्टेटसला तोच फोटो आहे, वर "गर्व आहे". अरे, लग्न कोणाचं आणि हळद कोण लावून घेतंय! ठाणे-पालघरच्या पुढे मुंबईचा संघ संपला. आपण रणजीत 'महाराष्ट्र'वाले, म्हणजे पुण्याकडे तोंड. आणि महाराष्ट्राचे करंडक किती? दोन. १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत. आपले ते हे दोन. ४२ आपले नाहीत, हे एकदा मान्य करा, म्हणजे मग आपल्याला काय मिळालं हे तरी विचारता येईल.

कल्याणकर धुळ्याचा
भाऊ, अर्धा खान्देश कल्याण-डोंबिवलीत राहतो. माझा पोरगा पहाटेच्या लोकलला किट घेऊन लोंबकळतो, तो कोणाचा? मुंबई जन्मदाखला बघत नाही. १९४८ पासून मुंबईतल्या क्लबांची कांगा लीग भर पावसात, चिखलाच्या विकेटवर चालते, त्यात जो टिकतो तो पुढे जातो. १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी काय उगाच जिंकली? १९७०-७१ ला वाडेकर, गावसकर, सरदेसाई वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईकने उरलेली पोरं घेऊन अंतिम सामना मारला.

तापीकाठचा (भुसावळ)
मारला ना? कोणाविरुद्ध, तेही सांग की. महाराष्ट्राविरुद्ध! म्हणजे आपल्यालाच हरवलं आणि आपणच पेढे वाटायचे.

भरीत पुरी (जळगाव)
दोघांचंही चुकतंय. खान्देशाचा वेगळा संघ हवा. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे तीन संघ चालतात तर चौथा का नाही? गुजरातेत बघा, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र आणि तिघांनीही करंडक घेतलेत. क्रिकेट मंडळात (बीसीसीआय) 'एक राज्य एक मत' आलं तेव्हा वाटलं होतं, मुंबई आणि विदर्भ जाणार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती अट काढली. आम्ही अहिराणीत विचारतो, आमना खान्देशले काय भेटनं?

नंदुरबारी
संघ मागून मिळतो का रे? होळकर संघ आठवा. आपल्या धुळ्याच्या रस्त्याने सरळ वर गेलं की इंदूर. तिथे सी. के. नायडू, मुश्ताक अली. १९४५-४६ ला म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, एका डावात सहा शतकं! चार वेळा रणजी जिंकली. मागे महाराजांचा पैसा होता. संस्थान गेलं, काही वर्षांत संघाचं नावही गेलं. शहराचा संघ राजाश्रयावर उभा राहू शकतो, टिकत नाही. मुंबईचा टिकला तो क्लब आणि ऑफिसांच्या क्रिकेटवर. आपल्याकडे वर्षभर चालणारी एक तरी लीग दाखवा, मग चौथ्या संघाचं बोलू. विदर्भसुद्धा १९५७-५८ पासून खेळतोय, पहिला करंडक २०१७-१८ ला. साठ वर्षं! मग मात्र २०१८-१९ आणि २०२४-२५ ला परत.

निवृत्त टीटीई
भुसावळकरांना त्यांचा संघ आधीपासूनच आहे, विसरलात? रेल्वे! २००१-०२ आणि २००४-०५ चे रणजी विजेते. आमच्या कॉलनीत पोरं मुंबई-पुणे म्हणत नसत, "खेळात भरती" म्हणत. नोकरी आणि क्रिकेट एकाच अर्जात.

पण वेगळंच सांगतो. मे महिन्यात आम्ही सकाळी साडेसहाला मॅटिंग, म्हणजे खेळपट्टीवरची चटई, अंथरायचो. दोघांनी ताणून धरायचं, तिसऱ्याने कडेचे खिळे ठोकायचे. दहा वाजता तेच खिळे काढताना हाताला चटके. मॅटिंगवर चेंडू छातीपर्यंत येतो, त्यामुळे आमचे सगळे मागच्या पायावर पक्के. आमच्यातला सगळ्यात चांगला पोरगा निवड चाचणीला गेला, तिथे जन्मात पहिल्यांदा टर्फ, म्हणजे माती-गवताची विकेट, पाहिला. सवयीने मागे गेला, चेंडू घोट्याएवढा राहिला. एकदा पायावर, एकदा दांडी. रात्रभर गाडीत बसून गेला होता, नेटमध्ये जेमतेम दहा मिनिटं मिळाली. निवडणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांना जे दिसलं ते तेवढंच होतं.

तापीकाठचा (भुसावळ)
काका, माझं हेच म्हणणं आहे. वेगळा संघ नको, चार टर्फ विकेट द्या. रणजीचा सामना नाशिकला होतो, सोलापूरला होतो. 'महाराष्ट्र' नावाची एकच गोष्ट आमच्याकडे रोज थांबते, ती म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. तीही गोंदियाहून, विदर्भातून येते.

भरीत पुरी (जळगाव)
हे बरं बोललात. तरी चौथ्या संघाचं मी सोडत नाही.

केळीवाला (यावल)
स्टेटसवाला मीच. वडील केळीला पाणी धरताना ट्रान्झिस्टर खांबाला टांगायचे. त्यातून गावसकर यायचा, वेंगसरकर यायचा. महाराष्ट्राचा स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात, तोही दोन ओळी. तुमची हद्द ठाण्याला संपत असेल, आमच्या बागेत मुंबईच ऐकू यायची. स्टेटस काढणार नाही.