टरबुजाच्या बांधावर सब्जा लावावा का?

मांजराकाठी: औसा तालुक्यात अर्धा एकर टरबूज आहे. वेल जोमात, पण मादीफुलं पिवळी पडून गळायलीत. मधमाशी दिसत नाही. बांधावर सब्जा लावला तर येईल का?

बांधावरची: येईल की! पण या वेलांना उपयोग नाही, तुरे यायला दोनेक महिने लागतात. पुढच्या खेपेला आधीच लावा, कडक थंडी पडायच्या आत. बी ओल्या मातीवर भुरभुरायचं, खोल पुरलं की उगवतच नाही. आमच्याकडं सकाळी पांढऱ्या तुऱ्यांवर फुलोरी माश्या, म्हंजे बारक्या मधमाश्या, नुसत्या घुमतात. पानांच्या नादानं तुरे खुडू नका. वाळले की हातावर चोळून पाखडायचं, काळं बी निघतं. आमच्या सासूबाई ते भिजवून लिंबाच्या सरबतात घालतात. त्यापुढं बाटलीतलं कोल्ड्रिंक कोण पितंय!

रानवाट: फवारणी दिवस मावळल्यावरच करा. टरबुजाचं फूल सकाळी उघडतं, माशीही तेव्हाच येते.

मांजराकाठी: तोवर काय करू?

बांधावरची: सकाळीच ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आन् मादीफुलाच्या मधोमध हलकं फिरवा. जिच्या मागं इवलंसं टरबूज असतं, ती मादी.