भाजल्यावर मध लावतात ते खरंच चालतं का?

तव्यावरची_पोळी: काल पोळी उलटताना तव्याची कड मनगटाला लागली, दोन बोटं रुंद लाल झालंय आणि मधे छोटा फोड आलाय. सासूबाईंचं एकच, मध लाव. घरात महाबळेश्वरची बाटली आहे पण तळाला साखर बसली म्हणून मी ती मागे उकळत्या पाण्यात ठेवून पातळ केली होती. मधाने जंतू मरतात का खरंच, की आपलं असंच?

पेटीवाला: मरतात हो. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, बाकी बहुतेक साखरच, त्यामुळे जंतूंच्या अंगातलंच पाणी ओढलं जातं, शिवाय तो आंबट असतो, पीएच ४ च्या आसपास. पण खरी गंमत मधमाशीने मधात घातलेल्या एन्झाइमची, जखमेतल्या ओलाव्याने मध जरा पातळ झाला की त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. आणि तेच एन्झाइम उकळल्यावर जातं, म्हणजे तुमच्या बाटलीत आता मुख्यतः साखरेचा जोर उरला :) साखर बसणं म्हणजे खराब होणं नव्हे, कोमट पाण्यात ठेवायची बाटली. आमच्या मधपेट्यांतून एकदा घाईत माश्यांनी मेणाने अर्धंही सील न केलेलं पोळं काढलं, पाणी जास्त राहिलं, आठवड्यात फेस येऊन झाकण उडालं. म्हणजे मध नासत नाही हे पण पाण्यावर आहे.

ड्रेसिंग_रूम: सासूबाईंना अगदीच उडवून लावू नका, सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ पेशंटवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं नेहमीचं मलम) यांची तुलना छापली होती, मध सरस ठरला. पण दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, त्यात एन्झाइम टिकतं आणि जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपं) मरतात. स्वयंपाकघरातल्या बाटलीत चमचे बुडवलेले असतात, फोड फुटला तर ती नकोच. आधी वीसेक मिनिटं नळाखाली हात धरला होता का?

तव्यावरची_पोळी: नाही ना, टूथपेस्ट लावली 🙈

ड्रेसिंग_रूम: अरे देवा. धुवून टाका, फोड फोडू नका, वरून स्वच्छ गॉज सैल बांधा. लाली पसरली किंवा पू दिसला तर डॉक्टर.

बाळाची_आई: जरा अवांतर, माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला आजी मधाचं बोट चाटवते, इतके जंतू मरतात तर चालेल ना?

पेटीवाला: अजिबात नाही! वर्षाच्या आत मध नको. बोटुलिझम म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, तिच्या जिवाणूंचे बीजाणू मधात मरत नाहीत, नुसते झोपून राहतात, आणि एवढ्याशा आतड्यात जागे होतात. आजींना आजच सांगा.