आंदोलनाने पक्षाला किती जवळ करावं?

धंतोलीकर
नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवतात. पोलीस म्हणतात, पाच जणांचं शिष्टमंडळ पाठवा. बायाबापड्या दुपारभर डांबरावर बसून, आणि गाडीत चढणाऱ्या पाचांत एक पक्षाचा पदाधिकारी, जो यशवंत स्टेडियमपासून पायी आलेलाच नसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात निवेदन देताना फोटो त्याचाच. पाठिंबा जरूर घ्या, शिष्टमंडळातली जागा देऊ नका. जांबुवंतराव धोटे १९७१ला वेगळ्या विदर्भाच्या जोरावर नागपूरचे खासदार झाले, १९८०ला काँग्रेस(आय)चे. विदर्भ राज्य कुठे आहे?

इंदोरावाला
भाऊ, अर्धाच इतिहास सांगता. १९६२ला बापूजी अणे विदर्भाच्याच मागणीवर इथून निवडून आले, तेही अपक्ष. तेव्हा तरी राज्य झालं का? गोवारी समाजाचं बघा. २३ नोव्हेंबर १९९४, नागपुरातल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. पुढे विशेष मागास प्रवर्ग मिळाला, पण मागणी होती अनुसूचित जमातीची. २०१८ला हायकोर्टाने मान्य केली, २०२०ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अनुसूचित जमातींची यादी संसदेशिवाय बदलत नाही. मग संसदेत आपला माणूस नको?

जरीपटका
दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगचं विसरलात? १ जुलै २०२४ला त्या कामाच्या विरोधात लोक स्वतःहून जमले. तोडफोड, जाळपोळ झाली, ती मला मान्य नाही. पण त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली. रिपब्लिकन पक्ष १९५७ला याच शहरात स्थापन झाला, त्याचे किती गट झाले ते मोजत बसा. समाज मात्र दीक्षाभूमीवर एकच असतो.

इंदोरावाला
ताई, काम थांबवणं आणि कायदा करून घेणं यात फार फरक आहे.

धंतोलीकर
दादा, संसदेत माणूस हवाच. पण शिष्टमंडळाची पाच नावं मोर्चेकऱ्यांनीच आदल्या रात्री ठरवावीत, आणि उमेदवाराकडून निवडणुकीआधी लेखी घ्यावं.

इंदोरावाला
लेखी? विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेल्या १९५३च्या नागपूर करारावरही सह्या होत्याच. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, सगळं कागदावर होतं. ते वसूल करायला पक्षाच्या बैठकीत टेबलावर हात आपटणारा माणूस लागतो, आणि तुम्ही त्यालाच बाहेर ठेवायला निघालात.